बॉनेटखालचा शेंदूर

मोटारीचं बॉनेट उघडून आत पाहणाऱ्या माणसांचे दोन प्रकार असतात. पहिल्या प्रकारच्या माणसाला आत काय चाललं आहे ते कळतं. दुसऱ्या प्रकारचा माणूस कमरेवर हात ठेवतो, मान किंचित तिरकी करतो, 'हं!' म्हणतो आणि बॉनेट लावून टाकतो. मी गेली तीस वर्षं या दुसऱ्या प्रकाराचा सन्माननीय सभासद आहे. माझा 'हं' तर आता इतका तयार झाला आहे की रस्त्यात बंद पडलेल्या अनोळखी गाडीचे मालकसुद्धा माझ्याकडे आशेनं बघतात.

आमची गाडी म्हणजे अण्णांनी, माझ्या वडिलांनी, १९७५ साली घेतलेली प्रीमियर पद्मिनी. रंग फिकट निळा, गिअर स्टिअरिंगपाशी, आणि स्वभाव जुन्या एकत्र कुटुंबातल्या आत्याबाईसारखा. म्हणजे काम सगळं करणार, पण आधी कुरकुर करणार. चितोडच्या राणी पद्मिनीचं नाव या गाडीला कुणी दिलं देवजाणे. त्या राणीनं जोहार केला, आमची नुसतंच ऑइल जाळते. त्या काळात गाडी घेणं म्हणजे नुसते पैसे भरणं नव्हतं. आधी नाव नोंदवायचं आणि मग वर्षानुवर्षं वाट बघायची. मुलीच्या लग्नासाठी नोंदवलेली गाडी नातवाच्या बारशाला यायची. त्यामुळे एकदा आलेल्या गाडीला लोक पोटच्या पोरासारखं जपत. पोटच्या पोरांना मात्र बसनं पाठवत.

गेल्या वर्षी पावसाळा संपला आणि आमच्या मिस्त्रींनी मला गॅरेजमध्ये बोलावून घेतलं. बॉनेट उघडं होतं. त्यांनी बॅटरीच्या खालच्या पत्र्यात स्क्रू ड्रायव्हर टोचला. तो सरळ आरपार गेला.

"साहेब, गाडी आतून चाललीय."

"कुठे?" मी विचारलं.

मिस्त्रींनी माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं, की मी घाईघाईनं 'हं' म्हणालो.

"गंज खातोय सगळं. बाहेरून ड्युको मारला म्हणजे झालं असं वाटतं लोकांना. आत काय मारायचं ते ठरवा. पत्रा मी करून देतो."

झालं! 'आत काय मारायचं' या तीन शब्दांनी पुढचे दोन महिने माझी झोप घालवली. मला वाटलं होतं, पेंटच्या दुकानात जायचं, 'बॉनेटखाली लावायचा एक डबा द्या' म्हणायचं आणि घरी यायचं. पण कुठल्याही साध्या गोष्टीचा इतिहास वाचल्याशिवाय मला ती करता येत नाही. ही म्हणते, "तुम्ही पिठलं करायला सांगितलं तरी हरभऱ्याच्या उगमापासून सुरुवात कराल." हा आरोप मला मान्य आहे.

तर पहिला प्रश्न, लोखंड मुळात गंजतं का? उत्तर वाचलं आणि मला लोखंडाची दयाच आली. जमिनीत लोखंड असतं ते लालसर मातीच्या, दगडाच्या रूपात. म्हणजे प्राणवायूशी संसार मांडूनच बसलेलं. आपण ते भट्टीत घालतो, कोळशाच्या धगीनं त्याची ताटातूट करतो, ठोकतो, लाटतो आणि मडगार्ड बनवतो. पण लोखंडाचं मन त्यात कधी रमत नाही. जरा पाणी आणि हवा मिळाली की ते पुन्हा लाल माती व्हायला निघतं. गंज म्हणजे लोखंडाचं माहेरी जाणं. त्यात आम्ही राहतो मुंबईत, समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर. खारा वारा म्हणजे माहेरचा मुऱ्हाळीच. रोज दाराशी येऊन उभा!

या लोखंडाला घरात थांबवून कसं धरायचं, हा माणसाचा जुना उद्योग आहे. दिल्लीला मेहरौलीचा लोहस्तंभ सुमारे सोळाशे वर्षं उन्हापावसात उभा आहे. उंची सात मीटरच्या वर, वजन सहा टनांच्या वर, आणि गंज म्हणाल तर नावापुरता. आमची पद्मिनी पन्नास वर्षांत चाळणी होते आणि हा गृहस्थ तसाच्या तसा! कानपूरच्या आयआयटीतले धातुशास्त्रज्ञ आर. बालसुब्रमण्यम यांनी त्याचा अभ्यास केला. त्या लोखंडात फॉस्फरस बराच आहे. त्यामुळे त्याच्या पृष्ठभागावर फॉस्फेटचा एक पातळ थर तयार झाला आणि त्यानं आतल्या लोखंडाला सांभाळलं. पुढे १९०६ साली इंग्लंडमध्ये कॉस्लेट नावाच्या माणसानं लोखंडावर मुद्दाम फॉस्फेटचा थर चढवण्याचं पेटंट घेतलं, आणि आज मोटारीचा पत्रा रंगाआधी फॉस्फेटच्या द्रावणातून काढतात तो त्याच वंशातला. म्हणजे गुप्तकाळातल्या लोहारांना नकळत साधलेली गोष्ट आपल्याला पेटंट घेऊन करावी लागते.

मोटारीच्या रंगाचा इतिहास तर याहून मजेदार. सुरुवातीच्या मोटारी म्हणजे बिनघोड्याच्या बग्ग्याच, आणि त्या रंगवायचेही बग्गीसारख्याच. ब्रशनं एक हात द्यायचा, वाळायची वाट बघायची, घासायचं, पुन्हा हात द्यायचा. एक गाडी रंगून बाहेर पडायला आठवडेच्या आठवडे लागत. फोर्डसाहेबांनी १९१३ साली सरकत्या पट्ट्यावर गाड्या जोडायला सुरुवात केली. आता गाडी जोडून होणार तासाभराच्या हिशेबानं आणि वाळणार महिन्याच्या हिशेबानं! त्यांनी डांबराच्या जातीचा काळा रंग घेतला आणि तो भट्टीत भाजून सुकवायला सुरुवात केली. १९१४ ते १९२५ पर्यंत त्यांची 'मॉडेल टी' मिळे ती काळ्याच रंगात. गिऱ्हाइकाला रंग निवडायची मुभा होती, फक्त एकातून एक निवडायचा होता. आमच्या सोसायटीच्या निवडणुका याच धर्तीवर होतात.

मग आला ड्युको. आपल्याकडे प्रत्येक रंगारी 'ड्युको मारून देतो' म्हणतो, त्यामुळे मला वाटायचं हे कुर्ला किंवा भायखळ्याकडलंच काहीतरी असावं. पण हे ड्युपाँट या अमेरिकन कंपनीनं रंगाला दिलेलं नाव. हा रंग नायट्रोसेल्युलोजचा, म्हणजे कापसावर नायट्रिक आम्लाचा संस्कार करून मिळणाऱ्या पदार्थाचा. याच पदार्थाची बंदुकीची दारू होते, आणि याचीच पूर्वी सिनेमाची फिल्म होत असे. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' काढला तो याच जातीच्या फिल्मवर. एका भावानं युद्ध गाजवावं, दुसऱ्यानं सिनेमात जावं आणि तिसऱ्यानं मोटारी रंगवाव्यात, असं हे घराणं. १९२३ साली जनरल मोटर्सनं आपल्या 'ओकलंड' गाडीवर हा रंग निळ्या छटेत चढवून दाखवला. फवाऱ्यानं मारायचा, आणि तो बघता बघता वाळायचा.

याची एक गोष्ट सांगतात. जनरल मोटर्सचे संशोधक चार्ल्स केटरिंग यांच्याकडे एक रंगवाला आला आणि 'गाडी तासाभरात रंगवणं अशक्य' म्हणू लागला. केटरिंगनी त्याला जेवायला नेलं. जेवण झाल्यावर पाहुणा आपली गाडी शोधू लागला, तर ती सापडेना. केटरिंगनी समोरच्या गाडीकडे बोट दाखवलं. "ही माझी नाही, माझ्या गाडीचा रंग वेगळा आहे." "होता," केटरिंग म्हणाले. गोष्ट कितपत खरी ते सोडून द्या. पण आमच्याकडे जेवायला आलेल्या पाहुण्याची गाडी टोइंगवाले नेतात, त्यापेक्षा हे बरं.

हे सगळं वाचून मी शहाणा झालो, पण बॉनेटखाली काय मारायचं ते कळलं नाहीच. कारण बॉनेटखालचं जग निराळं. वरच्या पत्र्याला ऊन आणि पाऊस सोसावा लागतो. आतल्याला इंजिनाची धग, पेट्रोल, ऑइल, बॅटरीचं आम्ल आणि वर ब्रेक ऑइल. हे ब्रेक ऑइल दिसायला साळसूद, पण चांगल्यातल्या चांगल्या ड्युकोवर चार थेंब सांडले तर रंग सालीसारखा सोलून काढतं.

सल्ला देणारे मात्र भरपूर भेटले. मजल्यावरचे शेजारी म्हणाले, "डांबर! सरळ काळं डांबरी कोटिंग फासा. आम्ही फासलं होतं." मी म्हटलं, फोर्डसाहेबांचाही मार्ग हाच. पण फोर्डसाहेब डांबर भट्टीत भाजत होते. शेजाऱ्यांचं डांबर एप्रिलच्या दुपारी इंजिनाच्या उबेनं पाघळायला लागलं, आणि गाडीतून महापालिकेनं रस्ता उकरल्याचा वास आठवडाभर येत राहिला. भाचा म्हणाला, "मामा, सिरॅमिक कोटिंग!" त्यानं सांगितलेला आकडा ऐकून मला अण्णांनी अख्खी गाडी केवढ्याला घेतली होती ते आठवलं. एका दूरच्या मेहुण्यानं रबरी कोटिंग सुचवलं. तो प्रयोग मी पूर्वी चाकांच्या वर करून बसलो होतो. रबराला कुठेशी चीर गेली, पाणी आत शिरलं आणि बाहेर यायला वाट नाही. वरून रबर टवटवीत, आतून पत्रा गायब! काही माणसांच्या तब्येती अशा असतात. मिस्त्रींचा मात्र स्वतःचा मार्ग होता: "जळकं ऑइल ब्रशनं मारत राहायचं. दिसायला घाण, पण गंजाची हिंमत नाही."

शेवटी एका वयस्कर रंगारीमामांनी माझे डोळे उघडले. त्यांनी नख लावून पत्र्याचा एक पोपडा काढला, उजेडात धरला आणि म्हणाले, "पूर्वी लोखंडाला आधी शेंदूर मारायचे. शेंदूर आणि बेलतेल. मग वर काहीही मारा."

शेंदूर! मी थक्क झालो. इंग्रजीत 'रेड लेड' म्हणून ज्या रंगाचे गोडवे मी दोन महिने वाचत होतो, तो आपल्या मारुतीरायाच्या अंगावरचा शेंदूर आहे हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. शिशाचं ऑक्साइड, ते जवसाच्या तेलात कालवलं की शिशाचे साबणासारखे क्षार तयार होतात आणि ते गंजाला अडवतात. जगातले पूल आणि जहाजं दीडशे वर्षं या शेंदरानं तगली. आयफेल टॉवर १८८९ साली उभा राहिला, त्यालाही आधी शेंदूरच फासला होता. आजही दर सात वर्षांनी सुमारे साठ टन रंग खर्चून तो नव्यानं रंगवतात. पॅरिसच्या लोकांना कल्पना नसेल, पण ती केवळ मारुतीची उपासना आहे. आता शिसं विषारी म्हणून शेंदराला निरोप मिळाला, आपल्याकडेही घराच्या रंगांतल्या शिशावर २०१७ पासून कडक मर्यादा आली. त्यामुळे मामांनी स्वतःच सांगितलं, "आता शेंदूर नको साहेब. गंजाला आधी हिरड्याचं पाणी पाजू, मग इपॉक्सी प्रायमर, मग गाडीचाच निळा."

हिरड्याचं पाणी म्हणजे त्यांची थट्टा होती. मारायचं होतं ते बाटलीतलं द्रावण. पण थट्टेत तथ्य होतं. त्या द्रावणात असतं टॅनिक आम्ल, म्हणजे हिरड्यात जे तुरट असतं त्याच जातीचं. ते गंजाला भेटलं की लाल गंजाचा काळा, टिकाऊ थर होतो. जुन्या काळी हिरडा आणि लोखंड यांची शाई करत, ती याच करणीनं. आपल्या पोथ्या ज्या शाईनं टिकल्या तीच बाटलीत भरून आता मोटारीला मिळते. मी लगेच होकार दिला. ज्या कामात मारुती, हिरडा आणि पोथ्या एकदम येतात, त्याला नाही कसं म्हणायचं?

मामा कामाला लागले. रॉकेलचा बोळा आणि ब्रश घेऊन त्यांनी पन्नास वर्षांचं वंगण, धूळ आणि काजळी काढायला सुरुवात केली. दुपारी फोन आला. "साहेब, इथे काहीतरी लिहिलंय. घासून टाकू का?"

उजव्या मडगार्डच्या आतल्या बाजूला, बोटभर जाडीच्या मळाखाली, पांढऱ्या ऑइलपेंटनं बारीक अक्षरात ओळीच्या ओळी होत्या. अक्षर अण्णांचं. 'बॅटरी १४-११-७९.' 'प्लग बदलले. ३-२-८०.' 'पाण्याचा पंप. फार पैसे.' अण्णा डायरी लिहीत नसत. पत्र लिहायची वेळ आली तर पोस्टकार्डाची एक बाजूसुद्धा त्यांना मोठी वाटे. घरात त्यांच्या हातचं म्हणून उरलं होतं ते पासबुकावरच्या सह्यांपुरतं. आणि हा माणूस वीस वर्षं बॉनेट उघडून आत लिहीत बसला होता! मी त्याच बॉनेटमध्ये डोकावून तीस वर्षं 'हं' म्हणत होतो.

मी चष्मा पुसून वाचत गेलो आणि मध्येच थांबलो.

'१९-५-८३. उ. मडगार्ड. चि. ने ठोकला. बोलू नये.'

तेव्हा मी एकवीस वर्षांचा होतो. अण्णा गावी गेले असताना न विचारता गाडी काढली होती आणि सोसायटीच्या खांबाला घासली होती. मित्रांकडून पैसे गोळा केले, दोन दिवसांत मडगार्ड ठोकून रंगवून घेतला, आणि अण्णा परत आले तेव्हा मी इतक्या निष्पाप चेहऱ्यानं उभा होतो की माझा मलाच अभिमान वाटला होता. अण्णांना काही कळलं नाही, अशी माझी चाळीस वर्षं पक्की समजूत होती. हा किस्सा मी माझ्या मुलीला, बापाला कसं बनवलं म्हणून, रंगवून सांगितलेला आहे. १९९५ साली ते गेले. त्यांनी कधी अवाक्षर काढलं नाही. आपल्याला आठवण राहावी म्हणून लिहून ठेवलं: बोलू नये.

"घासायचं का साहेब?" मामांनी पुन्हा विचारलं.

आता प्रश्न खरा सुरू झाला. त्या पत्र्यावर गंज धरायला लागला होता. तो तसाच ठेवावा तर दोनचार पावसाळ्यांत अक्षरं पत्र्यासकट माहेरी जाणार. वर प्रायमर आणि निळा मारावा तर पत्रा वाचणार, अक्षरं जाणार. पारदर्शक लॅकर मारावा तर त्यातला थिनर जुन्या ऑइलपेंटला उठवणार, आणि उठवला नाही तरी लॅकर पुढे पिवळा पडणार. नियमाकडे बघावं तर २०२१ पासून पन्नास वर्षांवरची, मूळ रूपात राखलेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. पण मूळ रूप म्हणजे कारखान्यातून आलेलं, की अण्णांनी लिहून ठेवलेलं, ते नियमात नाही.

मला २०२२ सालची सप्तशृंगीची बातमी आठवली. वणीच्या देवीच्या अंगावरचे वर्षानुवर्षांचे शेंदराचे थर तेव्हा काढले आणि आतलं मूळ रूप लोकांना दिसलं. शेंदरानं मूर्ती राखलीही होती आणि झाकलीही होती. इथेही तेच होतं. आमच्या आळसानं साचलेल्या वंगणाच्या मळानं ती अक्षरं जपली होती. मिस्त्रींचं जळकं ऑइल इतिहासात खरं ठरलं! गाडी आम्ही वेळच्या वेळी स्वच्छ ठेवली असती, तर अण्णा कधीच पुसले गेले असते.

तोडगा सापडला तो संग्रहालयवाल्यांकडे. लंडनच्या ब्रिटिश म्युझियमच्या प्रयोगशाळेत १९५० नंतरच्या दशकात जुन्या वस्तूंसाठी एक बारीक कणांचं मेण तयार केलं गेलं. धातूवर पातळ हात द्यायचा, मऊ फडक्यानं चोळायचं. पारदर्शक असतं, आणि हवं तेव्हा काढता येतं. मडगार्डची ती बाजू एक्झॉस्टपासून दूर आहे, तेव्हा फार तापायची भीती नाही. दोष एकच: ते कायमचं नाही. वरचेवर नव्यानं लावावं लागतं.

"मग काय उपयोग?" भाचा म्हणाला. "सिरॅमिक पाच वर्षं बघायला नको."

मला तोच उपयोग वाटला. बघायला नको म्हणूनच तर तीस वर्षं बघितलं नव्हतं. मारुतीला दर शनिवारी तेल घालतात ते काल घातलेलं उडून गेलं म्हणून नव्हे. त्या निमित्तानं कोणीतरी जवळ जाऊन त्याच्याकडे नीट बघतं म्हणून.

तेव्हा बाकी सगळा भाग मामांच्या पद्धतीनं झाला: तारेचा ब्रश, काळं द्रावण, इपॉक्सी प्रायमर आणि मूळचा फिकट निळा. बॅटरीखाली नवा पत्रा बसला. आणि उजव्या मडगार्डची ती वीतभर जागा तशीच ठेवून तिच्यावर मेण. ही बघायला आली, तिनं चष्मा लावून सगळं वाचलं, 'बोलू नये'पाशी थांबली आणि म्हणाली, "तुमच्यात हा गुण अजिबात उतरला नाही."

त्यांच्या कंपनीच्या पद्मिन्या आता कुणाला दिसत नाहीत. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली काढलेल्या कारखान्यातली ही गाडी. तिची शेवटची काळीपिवळी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर मुंबईच्या रस्त्यावरून उतरली. त्यामुळे सिग्नलला माणसं काच खाली करून आमच्याकडे बघतात. रंग चांगला ठेवलाय म्हणतात. मी 'हं' म्हणतो.

यंदा दसऱ्याला गाडीला झेंडूचं तोरण बांधलं, बॉनेट उघडलं, आणि फडक्यानं मेण लावलं. मग पांढऱ्या रंगाची छोटी डबी आणि बारीक ब्रश घेऊन अण्णांच्या शेवटच्या ओळीखाली माझी पहिली ओळ लिहिली: 'दसरा. मेण लावलं.' अक्षर अगदी त्यांच्यासारखं वाकडं आलं.

दुसरी ओळ पंधरा दिवसांतच लिहावी लागली. मुलीनं गाडी नेली होती. परत आली ती फारच निष्पाप चेहऱ्यानं. मी मागे जाऊन बंपर बघितला. अण्णांची ओळ मला तोंडपाठ होती. मनाशी ती तीनदा म्हटलीही. मग वर गेलो, आणि तासाभरानं खाली येऊन ब्रश हातात घेतला. खोटं कशाला लिहायचं?

'कु. ने मागचा बंपर ठोकला. बोललो.'